पाळीप्रमाणे फुलणारे अंगण

वाचकहो, वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेले आहेत आणि मृग नक्षत्र दाराशी येऊन ठेपले आहे. ज्यांच्या घराला वीतभर का होईना अंगण आहे, त्यांचे हात आता मातीसाठी शिवशिवू लागले असतील. म्हणून या पंधरवड्यात आहाराची पथ्ये आणि काढे थोडे बाजूला ठेवून सुगंधी झाडांविषयी बोलावे असे योजिले आहे. विषय बागेचा असला तरी तो आरोग्याच्या सदरात का, हे लेख वाचून होईपर्यंत आपल्या ध्यानी येईल.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून जाताना कागलजवळ लक्ष्मी टेकडीपाशी आत वळले की पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. ‘पंचतारांकित’ हा शब्द ऐकून बाहेरगावच्या माणसाला हॉटेल आठवते; येथे मात्र ओतकामाच्या भट्ट्या, सूतगिरण्या, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आणि त्यांच्या पत्र्याच्या शेड्स आहेत. तळंदगे, कसबा सांगाव, हलसवडे, पट्टणकोडोली, हुपरी या गावांच्या शिवारांमधला हा माळ. दूधगंगा आणि पंचगंगा यांच्या काठची जमीन काळी, कसदार. माळावर मात्र फावडे घातले की मुरुमावर ठण्ण वाजते. या वसाहतीच्या आसपास हजारो कुटुंबे राहतात, आणि त्यांच्या घरातले घड्याळ सूर्यावर चालत नाही, भोंग्यावर चालते. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. बापलेक एकाच घरात राहून आठवडाभर एकमेकांना जागेपणी भेटत नाहीत, असेही घडते.

माझा एक मामेभाऊ अशाच घरातला. कसबा सांगावच्या बाजूला त्याने चार वर्षांपूर्वी दोन खोल्या बांधल्या. तो ओतकाम करणाऱ्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत फिरतो. त्याची पत्नी कापडाच्या कारखान्यात कायम पहिल्या पाळीला जाते. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक सकाळ. ती साडेसहाला घाईने निघाली, शेगडीची कळ पुरती बंद झाली नाही. हा रात्रपाळी करून साडेसातला घरी आला, स्वयंपाकघरात उभा राहून तांब्याभर पाणी प्याला आणि शेजारच्या खोलीत जाऊन आडवा झाला. थोड्या वेळाने त्यांची शाळकरी मुलगी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली, “बाबा, केवढा गॅसचा वास!” तिने खिडक्या उघडल्या, बटणाला हात लावला नाही, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. शाळेत शिकविलेले तिच्या कामी आले. अनर्थ टळला.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. “आक्का, मला कशाचाच वास येईना झालाय बघ. कधीपास्नं, ते बी सांगता येणार नाही.”

हे शेवटचे वाक्य मला अधिक गंभीर वाटले. दृष्टी मंद झाली तर माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो. घ्राणशक्ती मात्र दबक्या पावलांनी निघून जाते आणि घरातल्या कोणालाही, कधीकधी त्या व्यक्तीलाही, तिचे जाणे कळत नाही. जेवणाची गोडी कमी होते, तेव्हा आपण भाजीला दोष देतो. दूध उतू जाऊन करपते, तेव्हा आपण विसराळूपणाला दोष देतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याचे नाक काम करीत नाही, त्याच्यापुरती ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते.

मी त्याला दोन गोष्टी तातडीने करायला सांगितल्या. पहिली, गॅसगळतीची सूचना देणारा भोंगा स्वयंपाकघरात बसविणे आणि गॅसच्या आपत्कालीन मदतीचा १९०६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवणे. दुसरी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविणे. वास न येण्याची कारणे अनेक असतात: नाकात वाढलेले मांसल कोंब, जुनाट सर्दी, विषाणूचा संसर्ग, डोक्याला लागलेला मार, काही द्रावके आणि धातूंच्या धुराशी दीर्घकाळ आलेला संबंध, आणि वाढते वयही. कारण कळल्याशिवाय उपाय नाही. त्याच्या बाबतीत नाक आतून मोकळे होते. मागे कधीतरी झालेल्या तापसर्दीनंतर घ्राणशक्ती मंदावली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. कामावर मास्क न चुकता वापरण्याची ताकीद मिळाली आणि त्यासोबत एक साधा अभ्यास मिळाला. तो म्हणजे वास घेण्याचा सराव.

नाकाची तालीम

कोल्हापूरच्या माणसाला तालीम हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जोर-बैठकांनी शरीर घडते, तसेच रोजच्या सरावाने घ्राणेंद्रियही काही अंशी सावरते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या सरावाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांची रुग्णांनी दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्षपूर्वक ओळख करून घ्यायची, एवढाच तो उपचार. सराव करणाऱ्यांमध्ये न करणाऱ्यांपेक्षा सुधारणा अधिक दिसली. घ्राणपेशींचे एक वैशिष्ट्य असे की त्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. त्यांना जणू पुन्हा वाटेला लावण्याचे काम हा सराव करतो.

घरी हे करणे अवघड नाही. झाकणाच्या चार लहान बाटल्या घ्याव्यात. एकीत ठेचलेली लवंग, दुसरीत लिंबाची ताजी साल, तिसरीत देशी गुलाबाच्या पाकळ्या, चौथीत निलगिरीचा बोळा. प्रत्येक बाटली नाकापाशी धरून दहा ते वीस सेकंद सावकाश हुंगावी आणि तेवढा वेळ तो वास पूर्वी कोठे अनुभवला होता ते आठवावे. कोणतेही तेल नाकात घालू नये. वास लागलीच आला नाही म्हणून सराव सोडू नये, आणि सराव चालू आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

आठवण काढायला का सांगतात? आपली इतर ज्ञानेंद्रिये मेंदूतील एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातात. गंधाचा मार्ग मात्र स्मृती आणि भावना यांच्या केंद्रांपाशी थेट पोहोचतो. बकुळीचा वळेसर हातात येताच आजीचे कपाट आठवते, ते याचमुळे. चार बाटल्यांतल्या वासांना अशी घरची आठवण क्वचितच चिकटलेली असते. अंगणातल्या फुलाला ती असते. मामेभावाने बाटल्यांचा सराव नियमाने चालू ठेवला आणि जोडीला अंगणात सुगंधी झाडे लावायची असे घरातल्या सर्वांनी मिळून ठरविले. सुगंध हे औषध नव्हे, असे मी त्यांना आरंभीच सांगितले होते आणि आपल्यालाही सांगते. परंतु रोज उठून एखाद्या फुलापाशी जाण्याची सवय ही औषधाइतकीच मोलाची असते.

फुलांच्याही पाळ्या असतात

अंगण आखताना त्याची पत्नी मला म्हणाली, “वन्सं, झाडं लावाल हो, पण हे घरात असतात तेव्हा फूल असतंय का?” तिच्या या साध्या प्रश्नातून सारी आखणी उभी राहिली.

फुलांच्या पाकळ्यांत तयार होणारी सुगंधी द्रव्ये चोवीस तास सारख्याच प्रमाणात बाहेर पडत नाहीत. झाडाच्या अंगी घड्याळ असते. ज्या फुलांकडे रात्री उडणारे पतंग येतात, ती फुले बहुधा पांढरी किंवा फिक्या रंगाची असतात, सायंकाळनंतर उमलतात आणि अंधारात दरवळतात. म्हणून झाड निवडताना ‘सुगंध कोणता’ याबरोबर ‘सुगंध केव्हा’ हेही पाहावे. आपल्या घरात कोण कधी परततो याचे वेळापत्रक आधी कागदावर लिहावे आणि त्यासमोर झाडांची नावे लिहावीत.

तिसऱ्या पाळीहून सकाळी सातला परतणाऱ्यासाठी पारिजातक, सोनचाफा आणि बकुळ. पारिजातक रात्री उमलतो आणि उजाडता उजाडता अंगणभर सडा घालतो. मूळचा तो कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर वाढणारा. त्यामुळे आमच्या माळाच्या मुरुमाचे त्याला वावडे नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत त्याचा बहर असतो. सोनचाफ्याला मात्र खोल आणि निचऱ्याची माती हवी. त्याची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. बियांपासून वाढविलेले झाड फुलायला अनेक वर्षे घेते, म्हणून कलमच घ्यावे. ‘वेलणकर’ या नावाने रोपवाटिकांत मिळणारी कलमे लवकर फुलतात. बकुळ हा वृक्ष आहे. तो भिंतीपासून आणि शौचकूपाच्या टाकीपासून दूर, मोकळ्या जागेत लावावा. त्याची फुले सुकली तरी सुगंध सोडीत नाहीत, एवढ्यासाठी तरी तो लावावा.

पहिल्या पाळीहून दुपारी तीनला परतणाऱ्यासाठी फुलांचा बाजार बंद असतो. येथे पानांचा सुगंध कामी येतो. मरवा, तुळस, पानओवा, गवती चहा यांच्या पानांत तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. बोटांनी चुरडले की त्या फुटतात आणि वेळ कोणतीही असो, वास येतो. ही झाडे दारापासून पायवाटेच्या कडेने, हाताला लागतील अशी लावावीत. दवणा वर्षायू आहे, तो दरवर्षी नव्याने पेरावा लागतो. परंतु चैत्रात जोतिबाला दवणा वाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात त्याला एक कुंडी तरी राखून ठेवावीच. तीनला परतलेल्या गृहिणीने चहा घेऊन होईपर्यंत मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या झालेल्या असतात. त्या चारच्या सुमारास खुडल्या की संध्याकाळी घरात, पाण्याच्या ताटलीतही उमलतात. मोगरा आणि निशिगंध यांची फुले खुडल्यानंतरही सुगंध निर्माण करीत राहतात, हे आपण लक्षात ठेवावे.

दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला परतणाऱ्यासाठी जाई, जुई, निशिगंध, सोनटक्का. जुईचा बहर पावसाळ्यात, जाईचा पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत. दोन्ही वेली आहेत. फाटकावर कमान करून चढवाव्यात, म्हणजे फाटक उघडताच दिवसभराचा लोखंडाचा वास मागे राहतो. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, परंतु आता पुरता आपला झाला आहे. त्याचे कंद आता लावले तर तीन-चार महिन्यांत दांडा येतो. एकेरी पाकळ्यांच्या जातीला दुहेरीपेक्षा वास अधिक. सोनटक्क्याला सावली आणि ओल आवडते. घराच्या पूर्वेला किंवा पाण्याच्या नळाजवळ त्याचे गड्डे लावावेत. एकदा रुजला की तो स्वतःचे रान स्वतः वाढवितो.

आणि रातराणी? तिच्याविषयी थोडे पुढे बोलू.

मुरुमातला खड्डा

माळावरच्या घरमालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: “पावसाळ्यात रोप लावले, श्रावणापर्यंत छान होते, मग एकाएकी वाळले.” बहुतेक वेळा ते वाळलेले नसते, गुदमरलेले असते. घट्ट मुरुमात आपण खड्डा खणतो आणि तो मऊ मातीने भरतो. पावसाचे पाणी त्या मऊ मातीत शिरते, भोवतालच्या मुरुमातून बाहेर जाऊ शकत नाही, आणि खड्ड्याचे रांजण होते. मुळांना हवा मिळत नाही.

यासाठी आधी परीक्षा घ्यावी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उरले असेल, तर तळाला पहारीने आणखी फोडावे किंवा उताराच्या बाजूने एक चर काढून द्यावा. एवढे करूनही पाणी थांबत असेल, तर तेथे सोनचाफा लावू नये. माती वर चढवून फूटभर उंचीचा ओटा करावा आणि त्यावर मोगरा किंवा पारिजातक लावावा. खड्डा भरताना निम्मी चांगली माती, पाव हिस्सा खणून निघालेला बारीक मुरूम आणि पाव हिस्सा कुजलेले शेणखत, सोबत दोन मुठी निंबोळी पेंड. साखर कारखान्यातून मिळणारी प्रेसमड उत्तम खत आहे, परंतु ती पुरती कुजलेली हवी. ताजी घातली तर खड्ड्यात उष्णता निर्माण होऊन मुळे भाजतात.

आता एक इशारा. औद्योगिक वसाहतीच्या आसपास भरावासाठी ओतकामातली जळकी काळी वाळू स्वस्तात किंवा फुकट मिळते. ती अंगणात, विशेषतः जेथे तुळस, गवती चहा, वाळा अशा पोटात जाणाऱ्या वनस्पती लावायच्या आहेत तेथे, टाकू नये. त्या वाळूत साचे घट्ट करण्यासाठी वापरलेल्या राळेचे आणि धातूंचे अंश राहिलेले असू शकतात. आधीच भराव टाकलेला असेल, तर खाण्यापिण्याच्या वनस्पती स्वच्छ मातीच्या कुंड्यांत लावाव्यात आणि फुलझाडे जमिनीत. कारखान्यातून वाहत येणारे कोणतेही पाणी झाडांना घालू नये, ते कितीही स्वच्छ दिसले तरी.

कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर अनंताची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे कीड किंवा रोगाचे लक्षण नव्हे. क्षारयुक्त पाण्यामुळे त्याला मातीतील लोह घेता येत नाही. अनंत ज्यांना हवा आहे, त्यांनी तो कुंडीत लावून पावसाचे साठविलेले पाणी द्यावे. पाण्याची टंचाई असेल, तर खुरचाफ्यासारखे गुणी झाड नाही. त्याची एक गंमत ऐका. त्याच्या फुलात मध नसतो. केवळ सुगंधाच्या बळावर तो रात्री पतंगांना फसवून बोलावतो आणि परागीभवन करून घेतो.

छाटणीची भीती बाळगू नये. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून जुन्या फांद्या राखण्यात काही हशील नाही. डिसेंबरच्या अखेरीस पाणी कमी करावे, फांद्या तिसरा हिस्सा छाटाव्यात, जानेवारीत खत घालून पाणी सुरू करावे. फाल्गुन-चैत्रात कळ्या धरतात. पारिजातकाची छाटणी बहर संपल्यावर करावी. दिवसातून सहा तास ऊन नसेल तेथे मोगरा लावून नशिबाला बोल लावू नये. तेथे सोनटक्का लावावा.

रोपांसाठी फार खर्चही नको. मोगरा, जाई, जुई यांची जमिनीलगतची फांदी किंचित तासून मातीखाली दाबावी, वर दगड ठेवावा. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत तिला मुळे फुटतात. शेजारच्या अंगणातून मागून आणलेल्या रोपाबरोबर माणूसही आपले होते.

सुगंधाची दुसरी बाजू

हे आरोग्याचे सदर असल्याने चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

रातराणी सुंदर आहे, परंतु तिची जात धोतऱ्याच्या कुळातली आणि फळे विषारी. लहान मुले असलेल्या घरी ती लावू नये. लावलीच तर फुले गळताच दांडे छाटून टाकावेत, म्हणजे फळे धरत नाहीत. तिचा घमघमाट काहींना डोकेदुखी देतो. दम्याच्या रुग्णाला कोणताही तीव्र वास त्रासदायक ठरू शकतो. घरात दमा असेल, तर तीव्र वासाचे झाड खिडकीपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला असावे आणि आधी कुंडीत लावून पंधरा दिवस पाहावे. रात्रपाळी करणाऱ्याच्या दिवसाच्या झोपेला अंधार आणि शांतता हवी. त्याच्या खिडकीशी झाड लावायचेच असेल तर सावली देणारे लावावे, दरवळणारे नको.

फुलांमुळे ॲलर्जी होते असे समजून मोगरा उपटणारे लोक मी पाहिले आहेत. कीटकांवर अवलंबून असणाऱ्या या फुलांचे पराग जड व चिकट असतात, ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. खरा अपराधी बहुधा कुंपणापलीकडे असतो: रिकाम्या भूखंडांवर माजलेले गाजरगवत. गेल्या शतकाच्या पन्नाशीत पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले हे परके तण आज सर्वत्र आहे. त्याने त्वचेवर खाज आणि नाकाला सर्दी दोन्ही होतात. ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून, नाकाला फडके बांधून, मुळासकट उपटावे. आपल्या अंगणापुरते नव्हे, गल्लीपुरते.

सुगंधाने साप येतात हा समज जुना आहे. साप येतो तो उंदीर, बेडूक आणि दडायला गचपण शोधत. वेलीच्या बुडाशी फूट-दीड फूट जागा मोकळी ठेवावी, विटा-लाकडांचे ढीग झाडाजवळ रचू नयेत. माळ आहे, नाग-घोणस-मण्यार असणारच. रात्री अकराला परतणाऱ्याने फाटकापासून दारापर्यंत विजेरी वापरावी आणि पहाटे फुले वेचणाऱ्यांनी आधी दिवा लावावा. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे यांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

शेवटची गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. तिच्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत वाढतो. आठवड्यातला एक वार ठरवून सर्व ताटल्या, पक्ष्यांची भांडी आणि पिंपे कोरडी करून घासावीत. ताटलीत वाळू भरून ठेवली तर अधिक उत्तम.

एक वर्षानंतर

मामेभावाच्या अंगणात मागच्या मृगात लावलेले पारिजातक पुरुषभर उंचीचे झाले. दसऱ्याच्या सुमारास त्याला पहिल्यांदा फुले आली, थोडीच, ओंजळभर. तो रात्रपाळीहून परतला तेव्हा मुलीने ती ओंजळ त्याच्या नाकाशी धरली. काहीच वास आला नाही. मुलीला वाईट वाटू नये म्हणून त्याने मान डोलावली. ती फसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने एका वहीत तारखा घातल्या आणि समोर त्याला रोज खरे उत्तर विचारून लिहू लागली: नाही, नाही, नाही, थोडासा, नाही.

मी गेल्या महिन्यात गेले तेव्हा ती वही पाहिली. फेब्रुवारीनंतर ‘थोडासा’ची संख्या वाढत गेलेली दिसते. लवंग त्याला आता ओळखता येते, लिंबूही येते. गुलाब अजून येत नाही. मोगरा काही दिवशी येतो, काही दिवशी येत नाही. गॅसच्या वासावर त्याने अजून भरवसा ठेवू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे आणि भिंतीवरचा भोंगा तसाच आहे. पूर्वीसारखे नाक त्याला परत मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

परंतु त्या घरात आणखी एक गोष्ट घडली, जी वहीत लिहिलेली नाही. पहिल्या पाळीला निघताना पत्नी आता पाच मिनिटे आधी निघून पारिजातकापाशी थांबते. रात्रपाळीचा नवरा वाटेत कोठे न रेंगाळता घरी येतो. ती जाता जाता पितळी ताटलीत फुले वेचून पायरीवर ठेवते आणि तो आल्यावर ती ताटली आत नेतो. ज्या आठवड्यात त्यांची तोंडभेट होत नाही, त्या आठवड्यात ही ताटली त्यांच्यातले बोलणे असते. “बहर सरल्यावर काय ठेवता?” असे मी विचारले, तर ती म्हणाली, “मग मोगरा हाय की, वन्सं. ते सरलं की मरव्याची काडी. पायरी रिकामी नसते.”

वाचकहो, आपल्या घरी तीन पाळ्या नसतील; परंतु लवकर निघणारे कोणी, उशिरा परतणारे कोणी आणि दिवसभर घरात एकटे असणारे कोणी वडीलधारे असतीलच. त्यांच्या वेळा लिहून काढा. त्यांना कोणत्या फुलाची आठवण आहे ते विचारा. विचारता विचारता लवंगेचा एक कण त्यांच्या नाकाशी धरून वास येतो का, तेही पाहा. येत नसेल तर तज्ज्ञांकडे जाण्यास दिरंगाई करू नका. मृगाला अवकाश थोडा आहे. या रविवारी खड्डा खणून त्यात पाणी भरून ठेवा आणि सोमवारी सकाळी ते मुरले की नाही ते पाहा. पुढच्या पंधरवड्यात आपण भेटू तेव्हा रोप जमिनीत गेलेले असावे.